इस्त्रीखालचं सर्किट

फुलसावंगी हे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी पहिल्यांदा ऐकलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं हे गाव. तिथल्या शेख इस्माईल शेख इब्राहिम या चोवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या हातांनी एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं. शिक्षण आठवीपर्यंत, काम वेल्डिंगचं. कूलर आणि कपाटं बनवता बनवता त्याने मारुती ८०० चं इंजिन मिळवलं, यूट्यूबवर पाहून पाहून शिकला आणि जवळजवळ दोन वर्षं खपून हे यंत्र उभं केलं. नाव ठेवलं ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. स्वातंत्र्यदिनाला ते लोकांसमोर आणायचं होतं. त्याच्या चार-पाच दिवस आधी, रात्रीच्या चाचणीत पात्याचा तुकडा निखळला, मोठं पातं त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला.

बातमी वाचून कितीतरी जणी हळहळल्या असतील. आणि खोटं कशाला बोला, कितीतरी घरांत त्या संध्याकाळी पोराच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला गेला असेल. ‘बास झाले तुझे उद्योग, अभ्यासाला बस!’ आईच्या जागी उभं राहून पाहिलं तर तिचं काही चुकत नाही. पण मला त्या बातमीतली एक गोष्ट फार टोचत राहिली. तो एकटा शिकत होता. त्याने निवडलेल्या कामात चुकायला जागाच नव्हती. हेलिकॉप्टरची एक चूक म्हणजे शेवटची चूक.

मग असं काही आहे का, की जे घरात करता येतं, ज्यात डोकं आणि हात दोन्ही लागतात आणि जिथे दहा वेळा चुकलं तरी फार तर तळहाताएवढा एक तुकडा वाया जातो? आहे ना. त्याला म्हणतात पीसीबी, म्हणजेच प्रिंटेड सर्किट बोर्ड. घाबरू नका, ही वस्तू तुमच्या घरात या क्षणी निदान दहा ठिकाणी आहे.

टीव्हीचा बिघडलेला रिमोट उघडून पाहा. आत एक हिरवी किंवा तपकिरी पाटी दिसेल आणि तिच्यावर रस्त्यांच्या नकाशासारख्या रेघा. मोबाईलच्या चार्जरमध्ये, एलईडी बल्बमध्ये, इन्व्हर्टरमध्ये, इंडक्शनच्या शेगडीत सगळीकडे तीच. त्या रेघा तांब्याच्या असतात. पूर्वी रेडिओत एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत वायर जोडत बसावं लागे, आता ती वायरच पाटीवर छापलेली असते, एवढीच गंमत!

आणि ही गंमत पहिल्यांदा झाली तीसुद्धा घरात. पॉल आयझलर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनीअर. नोकरीधंदा नाही, देश सोडावा लागलेला. १९३६ मध्ये लंडनला आला आणि हॅम्पस्टेडमधल्या भाड्याच्या खोलीत त्याने छापील सर्किटवर चालणारा रेडिओ तयार केला. तो घेऊन तो प्लेसी नावाच्या मोठ्या कंपनीकडे गेला. त्यांनी नको म्हटलं. का? तर वायरी जोडायचं काम कारखान्यात मुली करतात, त्या स्वस्त पडतात आणि सांगू तसं काम करतात. मग हे नवीन कशाला हवं? ही हकिगत खुद्द आयझलरनीच सांगितलेली आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये हे तंत्र वापरलं गेलं, त्यानंतर ते जगभर पसरलं आणि बायकांची वायरी जोडायची कामं गेली. मजा म्हणजे, त्याच पाटीवर बारीक बारीक भाग बसवायला पुन्हा बायकाच आल्या. तैवानपासून पुण्यापर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांमध्ये जुळणीच्या ओळीवर बसलेल्या मुली पाहिल्या की मला ते ‘स्वस्त पडतात’ आठवतं. पाटी आखणारे हात मात्र बहुतेक वेळा पुरुषांचेच राहिले. तो भाग आपण आज पाहू.

समजा, गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरून वाहतंय आणि खाली कुणाला पत्ता नाही, हा रोजचा त्रास आहे. टाकी भरली की पिर्रर्र वाजणारं एक छोटं यंत्र करू. त्याला लागतं काय? बीसी ५४७ नावाचा तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा एक रेझिस्टर, एक छोटा बझर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि टाकीत सोडायला दोन तारा. एक तार बॅटरीच्या धन टोकापासून टाकीच्या तळापर्यंत जाते. दुसरी टाकीच्या काठाजवळ लोंबते आणि रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला मिळते. पाणी वरच्या तारेला टेकलं की पाण्यातूनच चिमूटभर वीज वाहते. ती चिमूट ट्रान्झिस्टरला जागं करते आणि ट्रान्झिस्टर बझरला. बोअरचं क्षारांचं पाणी, ज्याच्यामुळे आपली डाळ शिजत नाही, ते इथे फार उपयोगी, कारण क्षारांमुळेच वीज वाहते. पाणी खाली असताना बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. तारा मात्र स्टीलच्या घ्या, तांब्याच्या लवकर खराब होतात.

आता आखणी. हे काम कागद-पेन्सिलवरही होतं आणि कॉम्प्युटरवरही. ‘कीकॅड’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यावर मोठमोठे बोर्डसुद्धा आखले जातात. पण पहिल्या पाटीला चौकटीची वही पुरे. नियम एकच, दोन रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. कुठून वळायचं, कुठे जागा सोडायची, एका रेघेच्या हट्टापायी दुसरी कशी अडकते हे तिला हाताने माहीत असतं. रेघ निदान एक मिलिमीटर जाड ठेवा आणि दोन रेघांमध्ये तेवढीच जागा सोडा. नवशिक्या हाताला ते माप सोसतं.

इथे एक जागा आहे जिथे सगळे चुकतात. भाग बसतात पाटीच्या वरच्या बाजूला आणि तांबं असतं खालच्या बाजूला. म्हणजे वरून जे डावीकडे, ते उलटून पाहिलं की उजवीकडे! कापडाच्या छपाईचा ठसा जसा उलटा कोरतात तसाच हा प्रकार. सोपी युक्ती सांगते. आखणीच्या कोपऱ्यात एखादं अक्षर ठेवा, समजा ‘फ’. पाटीच्या तांब्यावर तो ‘फ’ सरळ वाचता आला पाहिजे, म्हणजे छापलेल्या कागदावर तो उलटा दिसला पाहिजे. कागदावर सरळ दिसला तर तिथेच थांबा.

मग ही आखणी गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने काढायची किंवा झेरॉक्स करायची. गावातलं झेरॉक्सचं दुकान यासाठी पुरेसं आहे. शाईच्या प्रिंटरचं चालत नाही, कारण लेझरची आणि झेरॉक्सची काळी पूड म्हणजे खरं तर बारीक प्लास्टिक असतं, उष्णतेने वितळून चिकटणारं. जुन्या मासिकाचं चकचकीत पानही चालतं. (म्हणजे रद्दीचा आणखी एक उपयोग.)

आता तांब्याची पाटी. कॉपर क्लॅड या नावाने मिळते. साधारण दीड मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यावरचा तांब्याचा थर अवघा ३५ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा बघा किती पातळ! भांडी घासायच्या हिरव्या घासणीने ती गुलाबीसर चमकेपर्यंत घासायची, धुऊन कोरडी करायची आणि त्यानंतर चमकत्या बाजूला बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलकटपणानेही पुढचं काम बिघडतं. कागद छापील बाजूने तांब्यावर ठेवायचा आणि वरून इस्त्री. कॉटनच्या खुणेवर, वाफ बंद करून, दोन ते चार मिनिटं, कडांना जरा जास्त दाबून.

हीच ती वेळ, जेव्हा खोलीच्या दारात माय येऊन उभी राहते. ‘काय करून राह्यला रे? इस्त्री जाळतं काय?’ आणि पोरगं म्हणतं, ‘पाच मिनिटं थांब ना माय!’ थांबा, मैत्रिणींनो. फक्त कपड्यांची चांगली इस्त्री देऊ नका, जुनी द्या.

पाटी थंड झाली की दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायची. कागद भिजून निघतो, बोटाने चोळून काढायचा आणि तांब्यावर काळी नक्षी राहते. कुठे तुटली असेल तर सीडीवर लिहायच्या पक्क्या मार्करने जोडायची. प्रिंटरच नसेल तर सगळी आखणी मार्करने थेट तांब्यावर काढली तरी चालते. जुन्या इंजिनीअरिंगच्या मुलांनी नेलपेंटने काढलेली सर्किटंही चाललेली आहेत. बारीक ब्रश आणि स्थिर हात, इतकंच.

पुढची पायरी बाटिकसारखी. बाटिकमध्ये जिथे मेण असतं तिथे रंग चढत नाही. इथे जिथे काळं आहे तिथलं तांबं वाचतं आणि उघडं तांबं विरघळून जातं. हे काम फेरिक क्लोराईड करतं. तांब्याच्या ब्लॉकवरून फोटो छापायचे त्या काळी ब्लॉक करणाऱ्यांकडेही हेच रसायन असायचं. पाटी त्यात बुडवायची, भांडं हळूहळू हलवत राहायचं, आणि पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात काळ्या रेघा सोडून बाकी सगळं तांबं नाहीसं होतं. पहिल्यांदा पाहाल तेव्हा जादूच वाटेल.

पण आता जरा गंभीर व्हायला हवं. व्हिडीओमध्ये हा भाग दोन मिनिटांत उरकतात आणि आईला तर कुणी काही सांगतच नाही.

फेरिक क्लोराईड स्वयंपाकघरात आणायचं नाही. स्वयंपाकाच्या भांड्यात, ओट्यावर, स्टीलच्या सिंकमध्ये तर नाहीच. ते स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खातं. त्यासाठी प्लास्टिकचा वेगळा ट्रे ठेवा, त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो पुन्हा दुसऱ्या कशालाही वापरू नका. पूड विकत घेतली असेल तर पाण्यात थोडी थोडी पूड घालायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही, कारण ती भसकन तापते. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, अंगावर जुने कपडे, जागा अंगण किंवा गॅलरी. कपड्यावर पडलेला पिवळा-तपकिरी डाग जात नाही. हळदीचा उन्हात तरी जातो, हा नाही. त्वचेवर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहा आणि थेट डॉक्टरकडे. इंटरनेटवर अ‍ॅसिड आणि पेरॉक्साईड मिसळायची कृती दाखवतात. तिच्यातून घातक वायू निघतो, घरात ती कधीच करू नका.

आणि वापरलेलं पाणी? बहुतेक घरी ते मोरीत ओतलं जातं. हे थांबवायला हवं. त्या पाण्यात आता तांबं विरघळलेलं असतं. मासळीला ते विषारी, मातीलाही वाईट. गावात मोरी नाल्याला मिळते, नाला नदीला, आणि त्याच पाण्यावर गुरं येतात. तेव्हा द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण लावून ठेवायचं. एक बाटली बऱ्याच पाट्यांना पुरते. ते अगदी मंद झालं की मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा घालायचा. फसफसतं, उतू जातं, म्हणून घाई नाही. फसफस थांबली की तळाला गाळ बसतो. हा गाळ वाळवून, पिशवीत बांधून, घातक कचरा घेणाऱ्यांकडे किंवा शाळा-कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे द्यायचा. कटकट आहे, मान्य. पण ज्याला पाटी करायची हौस आहे त्याने बादलीही सांभाळायची, ही अट आईने पहिल्याच दिवशी घालावी.

पुढचं भराभर सांगते. नक्षीवरचं काळं नेलपेंट रिमूव्हरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसायचं; खालून तांब्याच्या लखलखीत रेघा निघतात. एक मिलिमीटरच्या बारीक ड्रिलने भोकं पाडायची. पाटीत काचेचे तंतू असतात, म्हणून भुकटी नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा. मग पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने भाग जोडायचे. सोल्डरच्या साध्या तारेत शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी, मध्ये काही खायचं नाही, काम संपलं की साबणाने हात. गरोदर बाई आणि लहान मूल तिथे नको. आणि घरच्या पाटीवर घरातली २३० व्होल्टची वीज आणायची नाही. पहिली वर्षं बॅटरी किंवा मोबाईलच्या चार्जरचे पाच व्होल्ट, बस्स.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? कारखान्यातून पाटी करून मागवता येते की! खरंच येते, आणि ती घरच्यापेक्षा सुबक असते. दोन्ही बाजूंना तांबं असलेली, केसासारख्या रेघांची पाटी हवी असेल तर तीच मागवा. पण कुरियरची वाट न पाहता सकाळी सुचलेलं संध्याकाळी वाजलेलं ऐकायचं असेल तर घरच. शिवाय चूक कुठे झाली ते मागवलेल्या पाटीत कळत नाही. स्वतः केलेल्या पाटीत कळतं, कारण ती रेघ आपणच काढलेली असते.

एकट्याने शिकायचं नसेल तर महाराष्ट्रात याची एक जुनी वाट आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग वयाच्या पंचावन्नच्या आसपास ती नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले. बरोबर पत्नी मीराताई. दुष्काळी गाव, उघडा माळ. तिथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकलेली मुलं हाताने काम करता करता उत्तम शिकतात, ही त्यांची खात्री. वेल्डिंग, शेती, वीज, घर-आरोग्य, सगळं मुलामुलींनी करून पाहायचं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मदतीने पाबळला फॅब लॅब आली. एमआयटीच्या बाहेरची जगातली अगदी पहिली, आणि ती न्यूयॉर्कला नव्हे, पाबळला! फॅब लॅबमध्ये सर्किटची पाटी रसायनाशिवायही बनते. सुईसारखं पातं फिरवणारं यंत्र नको असलेलं तांबं कोरून काढतं. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू राहिला.

फुलसावंगीचा मुन्ना आठवीपर्यंत शिकला होता आणि त्याच्या हातात वेल्डिंग होतं. पाबळला नेमकी अशीच मुलं येतात. पाबळसारखी जागा पुसद किंवा उमरखेडच्या आसपास असती तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. निदान ‘हे चालू करायच्या आधी मला दाखव’ म्हणणारं कुणी जाणतं माणूस तरी तिथे असतं. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब म्हणून शाळांना साहित्यासाठी सरकारी मदत मिळू लागली. तुमच्या मुलांच्या शाळेत तशी खोली असेल तर एकदा जाऊन पाहा. कुलूप आहे का, आणि कुलूप नसेल तर आत मुली आहेत का, हे दोन प्रश्न पालकसभेत विचारायला काहीच हरकत नाही.

मुलींचं मुद्दाम म्हणते आहे. सोल्डरिंग आयर्न घरात आलं की ते दादाच्या हातात जातं आणि ताईला ‘जरा धर गं इकडून’ एवढंच काम येतं. आयआयटी मुंबईच्या ‘सोलर ऊर्जा लॅम्प’ म्हणजे ‘सोल’ प्रकल्पात २०१४ पासून खेड्यापाड्यातल्या लोकांनीच दिव्यांची जुळणी केली, दुरुस्ती केली. पुढे हे काम बचत गटांच्या बायकांकडे आलं. राजस्थानातल्या डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी तर सौर पॅनेल बनवणारी आपली कंपनी उभी केली. शाळेत फार न गेलेल्या हातांनी हे केलं आहे.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, नागपुरात सीताबर्डीला मिळतं. तालुक्याच्या गावात टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणाऱ्या दादाला विचारलंत तर बरेचदा ट्रान्झिस्टर, बझर त्याच्याच डब्यात निघतात, आणि पहिलं सोल्डर कसं करायचं हेही तो दाखवतो. त्याच्या दुकानात मुलीला एक रविवार बसवा. पहिली पाटी वाजली नाही तर बॅटरी उलटी लागली आहे का आणि ट्रान्झिस्टरचे पाय बरोबर भोकांत आहेत का, हे आधी पाहा. ते बरोबर असेल तर मल्टीमीटरने एकेक रेघ तपासा. केसाएवढी भेग डोळ्याला दिसत नाही, मीटरला कळते.

आणि ती जुनी इस्त्री. तिच्या तळाला काळं लागलं असेल तर थंड झाल्यावर, प्लग काढून, अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसा आणि हवेत कोरडी होऊ द्या. तरीही पांढऱ्या कपड्यांना ती लावू नका.